आजीचे आवाज

‘स्टोरेज भरलं’, आज सकाळी फोनने सांगितलं. १२८ जीबीचा, १७,००० रुपयांना घेतलेला फोन; दिवाळीत ३ वर्षं होतील. स्वारगेट-सातारा एसटीत बसून साफसफाईला लागलो. गुड मॉर्निंगचे फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सगळं भराभर उडवलं. मग आजीचे व्हॉइस मेसेज सापडले. ‘जेवलास का रे?’ बहुतेकांत एवढंच. जागा म्हणाल तर काही केबी. खंबाटकी घाट सरेपर्यंत एकेक ऐकत राहिलो, डोळे भरून आले. घरी पोचल्यावर आधी ते पेन ड्राइव्हवर उतरवले.

५००० एमएएचची बॅटरी हल्ली दुपारीच संपते. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही, आणि मी तो गाडीत उन्हात फार ठेवला. घरचे म्हणतात, नवा घे. बॅटरी तेवढी बदलणार आहे. फोन हाच राहील.