पांढऱ्या शर्टाचे तीन फोटो

(माजी विद्यार्थिनी, दहावी 1999)

आपल्या शाळेत आठवीत असताना चित्रकलेच्या सरांनी एका शनिवारी रंगपेटीऐवजी घरातली जुनी लग्नपत्रिका आणायला सांगितली. पत्रिकेच्या जाड कागदात आम्ही सहा सेंटिमीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद अशी खिडकी कापली. कॅमेऱ्यातल्या 35 मिलिमीटर फिल्मवरची चौकट 36 बाय 24 मिलिमीटरची असते, त्याच प्रमाणातली. खिडकी डोळ्याजवळ धरली की अख्खं मैदान मावायचं आणि हात लांब केला की मैदानातला नुसता नळ उरायचा. कॅमेरा एकच, तोही सरांचा स्वतःचा. रोल 36 फोटोंचा आणि वर्ग त्याहून मोठा, त्यामुळे दोघांत मिळून एक फोटो वाट्याला यायचा. आधी खिडकीतून बघायचं, काय दिसलं ते सरांना सांगायचं, मगच कॅमेरा हातात. आणि सांगताना वस्तूचं नाव घ्यायचं नाही!

ही अट ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात फार जड गेली. मेथी, पालक, शेपू, दुधी ही नावं तोंडावर असायची, पण रंग विचारला की सगळ्यांचं उत्तर एकच, हिरवा. सर म्हणायचे, ‘कुठला हिरवा? शेजारच्यापेक्षा पिवळा की निळा?’ मग दिसायला लागलं. दुधी पिवळसर, शेपू निळसर, पालकाचा हिरवा जवळजवळ काळ्याकडे झुकणारा. त्याच पालकाच्या पानातून मागून ऊन आलं की तो वेगळाच, उजळ हिरवा. टोमॅटोच्या ढिगाशेजारी ठेवलेली कोथिंबीर एकटीपेक्षा जास्त हिरवी भासते, हेही तिथंच उभ्या उभ्या कळलं.

आकाराचा धडा तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठी झाला. संध्याकाळी सूर्य समोर घेऊन उभं राहायचं आणि डोळे किलकिले करायचे. बारकावे जातात, गडद आणि उजळ असे मोठे तुकडे तेवढे उरतात. आम्ही होड्या बघत होतो आणि सर विचारत होते, ‘दोन होड्यांच्या मधल्या पाण्याचा आकार काय?’ तोपर्यंत रिकाम्या जागेलाही आकार असतो हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचं वर्ष होतं. वस्तुचित्राचा सराव सोडून मुलांना फिरवतात कशाला, असं काही पालक म्हणत. पण तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड आणि कपाच्या कानाच्या आतली मोकळी जागा मला त्या फेरीनंतरच नीट काढता येऊ लागली.

सगळ्यात जास्त लक्षात राहिले ते तीन फोटो. वर्गातल्या एकाच मुलाचे, युनिफॉर्मच्या पांढऱ्या शर्टातले. एक जिन्याच्या सावलीत काढलेला, एक वर्गात ट्यूबलाइटखाली, एक शिपाईकाकांच्या खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली. रोल धुवायला देताना सरांनी स्टुडिओवाल्याला रंग दुरुस्त करू नका असं मुद्दाम सांगितलं होतं. फोटो आले ते फळ्यावर शेजारी शेजारी लावले. पहिला शर्ट निळसर, कारण सावलीत ऊन पोचत नाही, मोकळ्या आकाशाचा निळा उजेड तेवढा पोचतो. दुसरा हिरवट. तिसरा चक्क नारिंगी. वर्गात गलका झाला. शर्ट पांढराच आहे, कॅमेरा चुकला, असं अर्धा वर्ग म्हणत होता. सर शांतपणे म्हणाले, ‘कॅमेऱ्यानं आला तो उजेड टिपला. शर्ट पांढरा, हे तुमच्या मेंदूनं आधीच ठरवून टाकलंय.’

मी आज नवजात शिशूंच्या कक्षात परिचारिका आहे. बाळाला कावीळ दिसते का हे बघताना कपाळावर, छातीवर बोटानं हलकेच दाबायचं आणि बोट उचलताच खालच्या त्वचेचा रंग बघायचा. हे बघायचं ते दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. पिवळ्या दिव्याखाली सगळीच बाळं पिवळी दिसतात. उपचाराच्या निळ्या दिव्याखाली तर रंगावरून काहीच ठरवता येत नाही, दिवा बंद करूनच बघावं लागतं. नेमका आकडा रक्त तपासल्यावर कळतो, पण तपासायला हवं हे आधी कुणाच्या तरी डोळ्यांना जाणवावं लागतं. नव्या मुलींना शिकवताना मी आधी त्यांना बाळाजवळचा दिवा कुठला आहे ते बघायला लावते. ही सवय मला नर्सिंग कॉलेजच्या आधी आपल्या शाळेनं लावली.

आता मुलांच्या घरोघरी मोबाइल आहेत आणि फोटो मोजून काढावे लागत नाहीत, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र मोबाइल उजेडाचा रंग आपणहून सारखा करून टाकतो, शर्ट सगळीकडे पांढराच दाखवायला बघतो. अनेक फोनमध्ये ही दुरुस्ती करणारा व्हाइट बॅलन्स हातानं ‘डेलाइट’वर, म्हणजे दिवसाच्या उजेडावर ठेवता येतो. तसा ठेवला की निळा, हिरवट, नारिंगी फरक आजही दिसतो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवीच्या प्रत्येक तुकडीला एकदा तरी हा तास मिळावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. तलावपाळीला मुलांसोबत जायला मोठं माणूस हवं असेल तर मी येईन. तारीख महिनाभर आधी कळवली तर कामाची पाळी बदलून घेता येते.