दोन फुटांखालचं घर

१२ मे, रात्र

आज पुन्हा तेच जाणवलं: घरात मोकळा ससा असला की घराकडे दोन फुटांवरून बघावं लागतं. मागच्या पायांवर उभं राहिल्यावर त्याचं तोंड साधारण तिथवर पोचतं.

वायरींचंच घ्या. बिळात आडवी आलेली मुळं कुरतडून वाट मोकळी करणं हा सशाचा स्वभावच. त्याला ओरडून काही होत नाही, उलट माणसाची भीती तेवढी बसते. वायर कडक प्लास्टिकच्या नळीतून न्यावी किंवा वर चढवावी. मऊ वेटोळी नळी तो दोन दिवसांत फोडतो.

मग फरशी. सशाच्या तळव्यांना मांजरासारखी गादी नसते, नुसते केस. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात आणि तो एका जागी बसून राहतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी हवीच. पण मे महिन्यात एक कोपरा उघडा सोडावा, कारण ससा घामाने नाही तर मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो. २८ अंशांच्या वर त्याची तगमग सुरू होते. गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली की तो आपणहून तिला टेकतो. अंघोळ कधीच घालू नये. त्या धसक्यानेही ससा दगावू शकतो.

शी-शूच्या ट्रेमध्ये खाली वर्तमानपत्र, त्यावर कागदी गोळ्या, एका टोकाला सुकं गवत. ससा चरता चरताच लेंड्या टाकतो, म्हणून ही जोडी तोडू नये. पाणी लागताच गोळा होणारी मांजराची वाळू नको, ती पोटात अडकते. लघवीचा पांढरा थर व्हिनेगरने निघतो. नसबंदी झाली नसेल तर ट्रे कितीही नीट मांडा, कोपऱ्याकोपऱ्यात लघवीचं शिंपण चालूच राहतं. मादीला तर गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कारण भुलीत उलटी होण्याची भीतीच नाही, तो ओकूच शकत नाही.

खाद्याच्या गोळ्या सशाच्या किलोभर वजनामागे रोज २५ ग्रॅम पुरेत. गवत मात्र अखंड हवं, दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात.

सकाळी ट्रे ओतण्याआधी लेंड्या बघायच्या. बारीक झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या गुंफल्या असतील तर गवत कमी पडतंय. दहा-बारा तास खाणंही नाही आणि लेंडीही नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. सशांवर उपचार करणारा डॉक्टर रात्रीच गाठावा.