सुईचे टोक आणि जागा रुग्ण

धुळ्याकडच्या बाजार समितीत पोती उचलणारा एक हमाल माझ्याकडे आला, तेव्हा त्याचा डावा पाय चार महिन्यांपासून ठणकत होता. गोळ्या, व्यायाम आणि मणक्यातले स्टिरॉइडचे इंजेक्शन हे सारे होऊन गेले होते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे फुगलेली दिसत होती, मात्र तिचे बाहेरचे वेष्टण शाबूत होते, आणि आमच्या उपचाराची सारी भिस्त त्यावरच असते. पायात ताकद होती, लघवीवर ताबा होता; म्हणून न्यूक्लिओप्लास्टी, म्हणजे सुईवाटे गादीतला थोडा गर घटवून दाब उतरवण्याचा उपचार, करायचे ठरले.

गादी ‘जाळतात’ असा लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात बारीक सळईच्या टोकाशी रेडिओलहरींमुळे तयार होणारा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा पातळ थर, ४० ते ७० अंश सेल्सिअसलाच गादीतला थोडा गर विरघळवतो, आणि बंदिस्त जागेतला गर किंचित घटला तरी आतला दाब बराच उतरतो. खरे कसब उष्णतेत नाही, सुईत आहे. सी-आर्म हे क्ष-किरण चित्र दाखवणारे यंत्र तिरपे लावून, सांध्याच्या हाडाला घासून, बाहेर पडणारी नस चुकवत १७ गेजची सुई गादीत न्यायची, आणि समोरच्या व बाजूच्या अशा दोन्ही चित्रांत टोक जागेवर दिसल्याशिवाय लहरी सुरू करणाऱ्या पेडलवर पाय ठेवायचा नाही. या कामात मी कोणालाही घाई करू देत नाही.

रुग्णाला गाढ झोपवावे, असा भूलतज्ज्ञ मित्राचा आग्रह होता. हलणारा रुग्ण त्याला आवडत नाही. मी त्याला जागाच ठेवून, फक्त सुईच्या जागेपुरती भूल देऊन काम सुरू केले. सळईच्या तिसऱ्या फेरीत रुग्ण कळवळून म्हणाला, “डाक्टर, पायमा करंट जाई ऱ्हायना!” मी तत्काळ थांबलो, टोक मागे घेतले, दिशा बदलली. झोपलेल्या रुग्णाच्या नसेने ही तक्रार कोणाकडे केली असती?

पंधरवड्यात त्याचा पाय बराच शांत झाला. तो माझ्या उष्णतेने की काळाने, हे मला अजून ठरवता येत नाही, कारण सरकलेल्या गादीचे दुखणे पुष्कळदा काही महिन्यांत आपोआपही निवते. बाजार समितीला असली शंका नाही. तिथून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या गादीचा तुकडा फुटून खाली घसरला होता आणि पायाचा अंगठा वर उचलत नव्हता. मी त्याला त्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी पाठवले, तर त्याचा मुलगा दारात अडून राहिला : “हमालनं करं, आमनं काबर नही?”