पडद्याच्या कडेच्या काळ्या पट्ट्या

बेळगावातल्या शहापूर भागात माझे दुकान आहे. टीव्ही बसवणे, घरातले वायफाय नीट करून देणे, जुन्या कॅसेटींवरची लग्ने आणि मुंजी संगणकावर उतरवून देणे, अशी कामे मी करतो. अलीकडे त्यात एका कामाची भर पडली आहे. पुण्याला किंवा परदेशी नोकरीला गेलेली मुले घरची चित्रणे क्लाउडवर ठेवतात आणि इकडे खानापूर, चिकोडी, निपाणीच्या बाजूला राहणाऱ्या आईवडिलांना ती टीव्हीवर पाहायची असतात. अशाच एका कामासाठी आषाढातल्या भर पावसात मी जांबोटीच्या पुढे एका खेड्यात गेलो होतो.

बोलावणे पुण्याहून मुलाचे आले होते. त्याच्या वडिलांना जाऊन वर्ष व्हायला आले होते. वडील गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवीत आणि १९९६ सालच्या हरिनाम सप्ताहाचे चित्रण व्हीएचएस कॅसेटवर कोणीतरी केलेले होते. मुलाने पुण्यात तीन कॅसेटी उतरवून घेतल्या, फाइली क्लाउडवर चढवल्या आणि आईसाठी नवा अँड्रॉइड टीव्ही पाठवला. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा हे लावायचे, असा त्याचा बेत होता. "टीव्ही नवा आहे, नेटही आहे, मग चालत का नाही?" हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

घरी आजी आणि दहावीतला नातू होता. नातवाने त्याच्या परीने खटपट केलेली होती. टीव्हीच्या स्वतःच्या प्लेअरला त्या फाइली ओळखताच येत नव्हत्या, म्हणून त्याने त्या मोबाइलवर व्हीएलसी या चित्रण दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडल्या आणि मोबाइलचा पडदा टीव्हीवर आणला. चित्र दोन सेकंद हले आणि दहा सेकंद थांबे. अशा वेळी लोक टीव्हीला दोष देतात, म्हणून तिथे नेमके काय घडत होते ते सांगतो. मोबाइलचा पडदा टीव्हीवर आणतो तेव्हा चित्रण आधी क्लाउडवरून मोबाइलवर येते, मोबाइल ते उलगडतो, आपल्या पडद्याचे पुन्हा चित्रण बांधतो आणि त्याच वायफायवरून टीव्हीकडे पाठवतो. एकाच नळाचे पाणी दोनदा उपसण्यासारखे हे काम आहे. त्यापेक्षा टीव्हीनेच क्लाउडचे खाते उघडून फाइल थेट आणलेली बरी. म्हणून मी टीव्हीवर एक्स-प्लोअर हे फाइल मॅनेजर आणि व्हीएलसी टाकले. मुलाचे स्वतःचे खाते मात्र टीव्हीत उघडले नाही. त्यात त्याचे कामाचे कागद आणि खासगी फोटो होते आणि टीव्ही तर घरात येईल त्याच्या हाती लागतो. आजींच्या नावाने वेगळे खाते काढून मुलाने तेवढाच फोल्डर त्यांना दाखवावा, असे मी फोनवर सुचवले आणि त्याने ते लगेच केले.

एवढे करूनही चित्र अडखळतच होते. फाइलचा तपशील उघडला तेव्हा कारण समोर आले. पुण्याच्या दुकानाने कॅसेटी डीव्ही प्रकारात उतरवल्या होत्या. या प्रकारात नुसत्या चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट लागतात, आवाज वगैरे धरून ते २९च्या घरात जाते आणि एका तासाची फाइल सुमारे १३ जीबीची होते. घरचे नेट मोबाइल टॉवरवरच्या राउटरचे होते आणि पावसात मी मोजले तेव्हा ते सेकंदाला ६ मेगाबिटच्या आसपास मिळत होते. त्या दुकानदाराचे चुकले असे मी म्हणणार नाही, उलट जतन करायचे तर असेच, फार न दाबता, म्हणजे फाइलचा आकार फार कमी न करता, उतरवावे. पण जतन करायची प्रत आणि पाहायची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. कणगीतले भात कोणी तसेच ताटात वाढत नाही.

मी बेळगावला परतलो. दुकानात फायबरची लाइन आहे, तरी तिन्ही फाइली उतरायला तासाहून अधिक वेळ गेला. मूळ फाइलींना हात न लावता मी त्यांच्या एच.२६४ या दाबून लहान केलेल्या प्रकारात प्रती केल्या, चित्राला सेकंदाला अडीच मेगाबिट ठेवले, म्हणजे तासाला १.२ जीबीच्या आत-बाहेर. घरच्या नेटच्या निम्म्याहून कमीत ते बसत होते आणि पावसाने नेट आणखी खाली आले तरी थोडी सवड राहत होती. आपल्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यांत सेकंदाला २५ चित्रे असली तरी प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे विणलेले असते. ते तसेच ठेवले तर नव्या टीव्हीवर हलत्या हातांच्या कडांना फणीसारखे दाते दिसतात, आणि इथे तर मृदंगावरचे हातच पाहायचे होते. म्हणून अर्धी चित्रे सोडवून सेकंदाला ५० पूर्ण चित्रे केली. आवाज फक्त डाव्या बाजूला उमटलेला होता, तो दोन्ही बाजूंना घेतला. एमपी४ फाइलची जी अनुक्रमणिका एरवी शेवटी लिहिली जाते ती पुढे आणली, कारण ती शेवटी असेल तर प्लेअरला आधी फाइलच्या टोकाशी जाऊन यावे लागते आणि मंद नेटवर तेवढ्यात माणसाचा धीर सुटतो. 'पाहण्यासाठी' या नावाच्या वेगळ्या फोल्डरात प्रती चढवल्या, त्याच एका पेनड्राइव्हवरही घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जांबोटीचा रस्ता धरला.

या वेळी चित्र न थांबता सुरू झाले. मंदिराचा मंडप, पताका, दोन रांगांत उभे टाळकरी आणि मधोमध मृदंग गळ्यात अडकवलेला माणूस. नातू खूश झाला. मलाही काम झाले असे वाटले. आजी मात्र काही न बोलता बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हे न्हवं ते. मालक अंगानं बारीक होते."

मी दचकलो. चुकीची कॅसेट तर उतरवली नाही ना, असे क्षणभर मनात आले. मग पडद्याकडे नीट पाहिले तेव्हा मंडपाच्या कमानीवरचा गोल दिवा मला लंबगोल दिसला. दोष माझा होता. त्या काळचे चित्र चारास तीन या प्रमाणात असते आणि आजचा टीव्ही सोळास नऊचा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या राहिल्या की गिऱ्हाईक तक्रार करते, या सवयीने मी व्हीएलसीत चित्र पडदाभर ताणायचा पर्याय निवडला होता. त्यामुळे प्रत्येक माणूस मूळच्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने रुंद झाला होता. इतक्या वर्षांत मी किती घरांत किती माणसे अशी रुंद करून ठेवली असतील, हा विचार त्या घटकेला मला फार लागला.

मी प्रमाण न बिघडवता चित्र मोठे करायचा दुसरा पर्याय लावला. मालक बारीक झाले, आजींचा चेहरा खुलला, पण थोड्याच वेळात त्यांनी विचारले, "आणि म्होरं पोरं बसलेली होती, ती कुठं गेली?" हेही खरेच होते. अशा मोठ्या केलेल्या चित्रात वरून आणि खालून मिळून चौथा हिस्सा कापला जातो, आणि त्या कापलेल्या हिश्श्यात जमिनीवर बसलेली मुले गेली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या मंडपात कोण कुठे बसले होते हे आजींच्या मनात पक्के होते आणि माझ्या यंत्रापेक्षा ते अधिक अचूक निघाले.

शेवटी चित्र जसे टिपले होते तसेच ठेवले, दोन्ही कडांना काळ्या पट्ट्यांसह. नातवाला मी रिमोटवरून तो पर्याय तीनदा बदलून दाखवला. वर्षश्राद्धाच्या दिवशी नेट गेलेच तर पेनड्राइव्ह कुठे लावायचा तेही दाखवले, आणि फाइलींना नावे दिली ती आजींना विचारून: पहिला दिवस, जागर, काला.

काल्याची फाइल चालू असताना आजी उठून टीव्हीजवळ गेल्या आणि खालच्या रांगेतल्या, टाळ उलटे धरून बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलावर त्यांनी बोट ठेवले. "ह्यो बग, तुजा बा," त्या नातवाला म्हणाल्या. नातवाने तिथेच चित्र थांबवले आणि पुण्याला फोन लावला.