कान पिळायचं वाद्य

“वाद्याक पाय लावतंस? मेल्या, देव समोर असत मां!”

आई ओरडली ती नातवावर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माझा पुतण्या तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरला, तो दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे होते. दुसरीतून त्याने पडवीवर एक फळी काढली. तिच्यावर साबणाच्या डब्यांएवढे पाच धातूचे डबे ठोकलेले, कुणी केशरी, कुणी हिरवा, कुणी निळा. गिटारची वायर एका टोकाने आत शिरते, डब्याडब्यात आवाजाचं रूप बदलत फिरून दुसऱ्या टोकाने बाहेर येते, आणि कुठला डबा चालू, कुठला बंद, हे पायाने दाबून ठरवायचं. म्हणून त्यांचं नाव पेडल. आईला हे पटणं शक्यच नव्हतं. माझ्या पेटीला चुकून पाय लागला तरी आमच्याकडे हात लावून तो हात कपाळाला नेतात.

मी मध्ये पडलो. म्हटलं, अगं, संगीत नाटकातला ऑर्गन पायानेच हाणायचे की. ती म्हणाली, तो हवा भरायला. हवा भरण्यात आणि बटण दाबण्यात पापाचा फरक किती, यावर आमची थोडी चर्चा झाली. शेवटी पुतण्याने फळीला वाकून नमस्कार केला आणि प्रकरण मिटलं.

फळीबरोबर आणखी एक चीज आली होती. पंचवीस पट्ट्यांचा एक छोटा सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारं वाद्य. पट्ट्या पेटीच्या पट्ट्यांहून बारीक, आणि वर नॉबच नॉब. पडदा नाही, आकडे नाहीत, आवाज साठवून ठेवायची सोय नाही. वाडीतले भजनाचे बुवा संध्याकाळी चहाला आले. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “ह्येका भातोच नाय. मगे ह्यां श्वास खयसून घेता?”

प्रश्न बरोबर होता. मी तीसेक वर्षं भजनाला पेटी वाजवतो आहे. भात्यावरचा डावा हात जरा सैल पडला की सूर खाली मान घालतो, हे अंगात भिनलेलं. या डब्यात श्वास म्हणजे विजेचा दाब. रॉबर्ट मूग नावाच्या अमेरिकन माणसाने १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर आपला सिंथ जुळवला, तेव्हा हिशेब ठेवला तो असा की एका सप्तकाला एक व्होल्ट. मध्य सा पासून तार सा पर्यंत जायचं तर दाब एका व्होल्टने वाढवायचा. एका स्वरापासून लगतच्या कोमल किंवा तीव्र स्वरापर्यंतचं अंतर त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८३ मिलिव्होल्टच्या आसपास. आमच्या वाडीत संध्याकाळी सातला सगळे पंप सुरू झाले की लाइट दोनशेतिसावरून एकशेनव्वदवर येते. मूगच्या हिशेबाने रोज चाळीस सप्तकं खाली. बुवांना हा हिशेब फार आवडला.

पुतण्याने एक पट्टी दाबून धरायला सांगितली आणि म्हणाला, “काका, आता तो मोठा नॉब फिरवा. हळू.”

मी फिरवला. तोंडाने ‘ऊ’ म्हणत म्हणत ओठ उघडत ‘आ’ वर या, म्हणजे काय झालं ते कळेल. स्वर तोच, पट्टी तीच, पण आवाज घशातून उठून दातांपर्यंत आला. याला फिल्टर म्हणतात. सुरातले वरचे वरचे कंगोरे तो झाकतो आणि नॉब फिरेल तसं झाकण सरकवतो. शेजारी दुसरा एक नॉब होता. तो चढवत नेला तर फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागला. पट्टी सोडली तरी शीळ चालूच.

ती शीळ मी ओळखली. आजोबांच्या रेडिओतली. रात्री जेवणं झाली की ते रेडिओचा कान पिळायचे आणि मी मांडीवर. रात्री मिडियम वेव्ह दूर जाते, त्यामुळे दिवसा नुसती खरखर असायची तिथे रात्री समुद्रापलीकडची भाषा ऐकू यायची. एक स्टेशन सुटून दुसरं लागेपर्यंत मध्ये जे काही व्हायचं, कूंऽऽई, फुर्रर्र, मग एकदम अरबी बाई, पुन्हा कूंऽऽई, ते मला स्टेशनांपेक्षा जास्त आवडायचं. आजोबा बातम्या शोधत असायचे. मी म्हणायचो, थांबवू नका, नुसतं फिरवा. ते चिडायचे. आता पडवीवर बसून मी स्वतःच अर्धा तास नुसतं फिरवत होतो, आणि स्टेशन लागण्याची कुणाला घाईही नव्हती.

पेटीवाल्याला हे का चावतं, हे पेटीवाल्यालाच कळेल. पेटीला मधलं काही नसतं. पांढरी पट्टी आहे, काळी पट्टी आहे, दोहोंच्या मध्ये लाकूड आहे. गवई ‘ग’ वरून ‘रे’ वर घसरत येतो आणि आपण पायऱ्या मोजत खाली उतरतो. मींड नाही, म्हणून तर आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं, आणि १९७१ पर्यंत ते उघडलं नाही. या अन्यायावर बोलायला मला कोणीही केव्हाही बोलवावं. पण रात्री एकटाच वाजवत बसलो की मनात कबूल करावं लागतं, तक्रार अगदीच खोटी नव्हती.

आणि इथे एक पट्टी धरून दुसरी दाबली की सूर घरंगळत जात होता. किती वेळात घरंगळावं, त्यालाही नॉब.

हे माझ्या आधी ज्याला सुचलं तो माणूस मुंबईचाच. चरणजीत सिंग, हिंदी सिनेमांच्या गाण्यांत वाजवणारे. त्यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं जुळवली, ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ नावाचा चंदेरी डबा, आणि त्यांच्यावर राग वाजवले. टीबी-३०३ खरं तर एकट्या गिटारवाल्याला साथीचा बेस म्हणून काढलेला. बेससारखा तो कधी वाजलाच नाही, खपलाही नाही, १९८४ मध्ये बंद पडला. त्यानंतर शिकागोच्या पोरांनी तो सेकंडहँड बाजारातून स्वस्तात उचलला, त्याचे कान पिळले, आणि त्यातून नाचाचं एक नवीनच संगीत निघालं. पण त्या डब्यात स्वराकडून स्वराकडे घसरण्याची सोय आहे, ती रागाला चालेल, हे मुंबईत आधीच कुणीतरी ओळखलं होतं. ती रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले. त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूगचा मोठा, कपाटासारखा सिंथ आणून बसवला होता. म्हणजे हे खूळ आपल्याकडे काल आलेलं नाही.

पेडल तर आपल्याकडे वेगळ्या नावाने केव्हाचेच आहेत. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हळदीच्या रात्री बेंजो पार्टी ऐकलेल्या माणसाला गिटारची फाटकी गर्जना समजावून सांगावी लागत नाही. बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. मूळचा जपानी, १९१२ मध्ये नागोयात जन्मलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा वंशज. तिकडे तो मवाळ, घरगुती. आपण त्याला पिकअप, म्हणजे तारेचा थरार विजेत उतरवणारा तुकडा, लावला, अँप्लिफायरला जोडला, आवाज पार शेवटपर्यंत नेला आणि माडावर बांधलेल्या भोंग्यातून सोडला. मग तो जो फाटतो! त्या फाटण्याशिवाय कोळीगीताला कोणी उठून नाचेल असं मला वाटत नाही.

फाटतो म्हणजे काय, हे पुतण्याने मला कागदावर काढून दाखवलं. साधा सूर चढतो, उतरतो, चढतो, उतरतो, कौलारू घरांची रांग दिसावी तसा. अँप्लिफायरच्या कुवतीबाहेर चढवला की त्याची शेंडी कापली जाते आणि वर सपाट होतो. म्हटलं, म्हणजे कौलं काढून स्लॅब घातला. तो हसला, पण तसंच आहे. उतरतं छप्पर सपाट झालं की सुराच्या अंगात नसलेले वरचे सूर जन्माला येतात, आणि कानाला ती धार लागते. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये १९६१ च्या सुमारास एका रेकॉर्डिंगच्या वेळी आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या एका चॅनलमध्ये बिघाड होता. बेस गिटार त्यातून गेली ती घोगरी, कुजबुजत्या भुंग्यासारखी. दुसऱ्या कोणी ते पुसून पुन्हा रेकॉर्ड केलं असतं. यांनी ठेवलं, आणि ग्लेन स्नॉडी या इंजिनिअरने तो बिघाड मुद्दाम करणारं सर्किट बांधलं. १९६२ मध्ये ते डबा होऊन बाजारात आलं, आणि पायाने दाबायच्या फझची, म्हणजे या फाटक्या आवाजाच्या पेडलची, सुरुवात तिथली. बिघाड विकत मिळू लागला. आमच्या भोंगेवाल्याने मात्र तो कायम फुकट दिला.

पण माझं मन बसलं ते निळ्या डब्यावर. तो इको. टाळी वाजवली की मागून टाळी, तिच्या मागून आणखी पुसट टाळी. लहानपणी बावीत तोंड घालून हाक मारायचो, जांभ्या दगडाच्या गोल भिंतीतून ती परत यायची आणि पाठीत आजीचा धपाटा यायचा, तसा आवाज. बाव कळते. डब्यात बाव कशी बसवली?

हे मला फार सुंदर वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या दोघांनी १९६९ मध्ये एक युक्ती काढली. गावात पूर्वी स्लॅब पडायचा तो दिवस आठवा. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग, आणि घमेलं या हातातून त्या हातात. कोणी चालत नाही, फक्त घमेलं चालतं. इथे माणसांच्या जागी कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार धरून ठेवणारे भाग, आहेत, आणि घमेल्यात सुराच्या त्या क्षणाचा विजेचा भार. घड्याळाचा ठोका पडला की प्रत्येक जण आपलं घमेलं पुढच्याला देतो. यातल्या एका प्रसिद्ध चिपमध्ये असे ४०९६ टप्पे असतात. सूर या टोकाने शिरतो आणि रांग ओलांडून त्या टोकाने निघेपर्यंत उशीर होतो. तो उशीर म्हणजेच इको. ठोका सावकाश केला की बाव खोल.

आता स्लॅबच्या रांगेत उभा राहिलेल्याला पुढचं सांगायला नको. घमेलं वर पोचतं, पण भरलं तेवढं नाही. थोडा माल हातावर, थोडा डोक्यावर. इथेही तसंच. प्रत्येक फेरीत सुराची थोडी चकाकी सांडते. दुसरा प्रतिध्वनी पहिल्यापेक्षा मवाळ, चौथा तर पलीकडच्या वाडीतून आल्यासारखा. संगणकातला इको हव्या तितक्या वेळा तंतोतंत परत करता येतो. मीही ऐकला आहे. कुणीतरी आपलंच वाक्य आपल्याला पुन्हा पुन्हा ऐकवतं आहे असं होऊन मला त्याचा राग आला.

“मग हे सगळं मोबाइलमध्ये येत नाही का?” असं मी विचारलंच. येतं, आणि पुतण्याच्या मते ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा फरकही कळत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला. फरक वाजवणाऱ्याला कळतो. मोबाइलवर तो डोळ्यांनी वाजवतो, आकडा बघून थांबतो. इथे थांबायचं कुठे, ते कानाला विचारावं लागतं. यामाहाने १९८३ मध्ये डीएक्स-७ नावाचा डिजिटल सिंथ काढला, स्वच्छ, पक्का, नॉबच नाहीत, जवळजवळ सगळी बटणं. जगाने नॉबवाले जुने सिंथ अडगळीत टाकले. आणि काही वर्षांतच तीच माणसं अडगळीत हात घालून काय शोधत होती, तर फिरवायला काहीतरी.

याचा अर्थ हे डबे गुणी आहेत असा मुळीच नाही. एक नंबरचे लहरी. जुने सिंथ तर चालू करून आधी तापू द्यावे लागतात, तोवर सूर हलत राहतो. आणि आमच्याकडची खारी दमट हवा! तिसऱ्या दिवशी मोठा नॉब फिरवला की खरखर सुरू झाली. पुतण्या घाबरला. मी नाही. रेडिओच्या नॉबलाही असंच व्हायचं. आतल्या कार्बनच्या पट्टीवर ओल आणि मळ बसतो. लाइट बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा गरागरा फिरवायचा, बहुधा भागतं. भागलं. रात्री फळीसकट सगळं आईने तांदळाच्या पिंपाशेजारी ठेवायला लावलं, तिथे ओल कमी असते म्हणून. पाय लावण्याचा विषय तोवर मागे पडला होता.

पाचव्या रात्री आमच्याकडे भजन होतं. पुतण्याने सिंथवर काळी एकचा षड्ज लावून दिला, तंबोऱ्याच्या जागी, निळ्या डब्यातून. पखवाज, टाळ, माझी पेटी, आणि खाली तो सूर, दूरच्या गाजेसारखा. बुवांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा खालून सुरुवात केली.

तिसऱ्या अभंगाला लाइट गेली. भजन थांबलं नाही, समया होत्याच. वीसेक मिनिटांनी लाइट आली. साठवायचं काही नव्हतंच त्याच्यात, त्यामुळे गेलंही काही नाही. नॉब जिथल्या तिथे होते, आणि षड्ज आपला आपण परत सुरू झाला. फक्त थंड पडला असणार, कारण केसभर उतरला होता. मला कळलं, पण माझे दोन्ही हात पेटीवर. पुतण्या प्रसादाच्या पातेल्यापाशी.

बुवांनी गाणं न तोडता हात लांब केला. चुकीचा नॉब धरला, आवाज एकदम ‘ऊ’ मध्ये गेला. सोडला. शेजारचा धरला आणि तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा हळू, डोळे मिटून, पिळत गेले. सूर मिळाला. मला वाटलं, आता हात काढतील. त्यांनी आधीचा तो चुकीचा नॉब पुन्हा पकडला आणि पुढचा सगळा अभंग टाळ मांडीवर ठेवून एका हाताने आवाज झाकत आणि उघडत गायला. समेवर येताना उघडायचे, पुन्हा झाकायचे.

पुतण्याने दारातून मला खूण केली, काढून घेऊ का? मी मान हलवली, नको. पेटीकडे तर त्यांनी आरतीपर्यंत एकदाही पाहिलं नाही.