दहा सेंटीमीटर

आज लेकीची व्हॉलीबॉलची मॅच होती. नवीन किट आलंय. मुलांच्या शॉर्ट्स गुडघ्यापर्यंत, मुलींच्या मात्र तोकड्या आणि घट्ट. दर सर्व्हिसच्या आधी ती डाव्या हाताने शॉर्ट्स खाली ओढत होती. हातात बॉल, लक्ष कपड्यात. कडेला एक माणूस मोबाइल झूम करून शूटिंग करत होता. मी जाऊन समोर उभी राहिले, तेव्हा कुठे हलला.

घरी येऊन शिवणाच्या डब्यातली टेप काढली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुली युरोपियन स्पर्धेत बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून खेळल्या, म्हणून संघाला १५०० युरो दंड झाला होता. नियम काय, तर बिकिनीच्या चड्डीची बाजूची पट्टी जास्तीत जास्त १० सेंटीमीटर रुंद! पुरुष खुशाल शॉर्ट्सवर खेळत होते. टेपवर धरून बघा. अंगठ्यासकट माझा आडवा पंजा, बस, तेवढंच. जगभर ओरड झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलावा लागला.

जिला तोकडं आवडतं तिने जरूर घालावं. पण माप ठरवताना या पोरींना कोणी विचारलं?

उद्या सरांना भेटणार आहे. लेक म्हणाली, "आई, माझ्या एकटीसाठी नको, सगळ्यांसाठी माग."