‘गेला’ म्हणावे की ‘मेला’

बंड्याला जाऊन आता पाच महिने होतील. ‘जाऊन’ हे क्रियापद मी इथे ठरवून वापरले आहे, कारण पहिल्या आठवड्यात मी सर्वांत जास्त अडखळलो ते या शब्दापाशी. आपल्या भाषेत माणूस जातो, वारतो, त्याचे निधन होते, जनावर मरते. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांना मी फोनवर ‘बंड्या गेला’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी धास्तावून ‘कोण बंड्या? कधी? कशानं?’ असे विचारले आणि खुलासा होताच त्यांचा आवाज एकदम सैल झाला. ‘अरे, कुत्रं मेलं होय! मी घाबरलोच.’ त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण १३ वर्षे जो आमच्या घरात पुल्लिंगी होता, तो एका वाक्यात नपुंसकलिंगी झाला, आणि व्याकरणाचा एवढा राग मला शाळेतही कधी आला नव्हता.

दोन दिवस मी कामावर गेलो नाही. रजेच्या अर्जात ‘ताप’ असे लिहिले, कारण खरे कारण लिहिले असते तर वाचणाऱ्याने हसू दाबले असते, किंवा निदान मला तसे वाटत राहिले असते. अशा दुःखासाठी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये एक संज्ञा रूढ केली; मराठीत तिला ‘अमान्य शोक’ म्हणता येईल. ज्या नात्याला चारचौघे नाते मानत नाहीत, ते तुटल्यावर उघडपणे रडण्याची सोय राहत नाही, असा तिचा साधारण अर्थ. सोय नसली म्हणून रडू थांबत नाही. ते बाथरूममध्ये नळ सोडून उरकावे लागते.

शेवटच्या दीड वर्षात बंड्याला पलंगावर चढता येईना, म्हणून तो माझ्या बाजूला जमिनीवर झोपत असे. रात्री उठताना त्याच्या अंगावर पाय पडू नये यासाठी मी आधी एक पाऊल खाली सोडून, बोटांनी चाचपून, तो कुठे आणि कसा पसरला आहे याचा अंदाज घेई आणि मगच दुसरा पाय टेकवी. बहुधा बोटांना त्याची पाठ लागे आणि तो जागा न होताच एक सुस्कारा सोडी. आजही माझे पाऊल खाली जाऊन आधी चाचपते. फरशी गार लागते. मनाची समजूत कशीबशी घालता येते, पावलाची कोणी घालावी?

हे जड असले तरी सोसण्यासारखे आहे. सोसवत नव्हता तो अपराधीपणा. बंड्या पाणी जास्त पिऊ लागला होता, भांडे दिवसातून तीनदा भरावे लागत होते, आणि मी ‘उन्हाळा आहे’ म्हणून ते हसण्यावारी नेले होते. पुढे तो वाळू लागला, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा रक्त तपासले आणि मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे कळले. मूत्रपिंडांची सुमारे ७५ टक्के क्षमता जाईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे एरवी गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, सहसा वाढतच नाही, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितले होते. मात्र ते वाक्य माझ्या कानांनी ऐकले, मी नाही. मी ते खरे ऐकले तीन महिन्यांनी, एका रात्री, त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे बघत असताना. लवकर नेले असते तर काही दिवस वाढले असते का? कदाचित वाढलेही असते. पण मी समजत होतो तेवढा मोठा गुन्हा तो नव्हता, एवढे त्या आकड्याने माझ्या पदरात घातले.

दुसरा अपराधीपणा याहून चिवट आहे. माणसाच्या मृत्यूचे आपण बहुधा साक्षीदार असतो. कुत्र्याच्या मृत्यूचा पुष्कळदा वार आणि वेळ आपल्यालाच ठरवावी लागते. आमचा शुक्रवार, संध्याकाळी पाच. त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दाढी केली, याची मला अजून लाज वाटते, का ते सांगता येत नाही. आदल्या रात्री त्याने शेपूट हलवली होती, मग एक दिवस आधीच तर नेले नाही ना, की उलट आपल्याच लोभापायी दोन आठवडे जास्त ताणले, अशा दोन्ही बाजूंनी मी स्वतःला कितीतरी रात्री उभे केले आहे. यात कोणाच्या सांत्वनापेक्षा जास्त उपयोग झाला तो भिंतीवरच्या कॅलेंडरचा. डॉक्टरांनी महिनाभर आधीपासून रोज खूण करायला सांगितले होते: तो स्वतःहून खाईल, उठेल, दारापर्यंत येईल त्या दिवशी बरोबरची खूण, एरवी फुली. शेवटच्या १४ दिवसांत बरोबरच्या खुणा तीन आहेत. अक्षर माझेच आहे. मन पुन्हा भांडायला उठले की मी ते पान काढून बघतो.

त्या संध्याकाळी आधी गुंगीचे इंजेक्शन दिले आणि तो गाढ झोपल्यावर पायाच्या शिरेतून पेंटोबार्बिटल, जे मुळात गुंगी आणणारे औषध आहे आणि मोठ्या मात्रेत श्वास आणि हृदय थांबवते. डोळे मिटत नाहीत, सगळे संपल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखे दिसू शकते, स्नायू थरथरू शकतात, हे डॉक्टरांनी आधीच समजावले होते. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांनी हे आधी विचारून घ्यावे असे मी आवर्जून सांगेन. मला ते ठाऊक नसते तर त्या शेवटच्या उसाशाचा अर्थ लावत मी जन्मभर बसलो असतो.

घरी येऊन मी सहा वर्षांच्या मुलीला ‘बंड्याला डॉक्टरकाकांनी झोपवलं’ असे सांगितले. चूक माझीच. त्या रात्री ती झोपायला तयार होईना, आणि तासाभराने तिने विचारले, ‘मला झोपवल्यावर तुम्ही उठवाल ना?’ तेव्हा मात्र मी ‘जाणे’ आणि ‘झोपणे’ दोन्ही बाजूला ठेवले आणि तिला सरळ सांगितले की बंड्या मेला, म्हणजे त्याचे शरीर बंद पडले आणि ते पुन्हा सुरू होणार नाही. ती खूप रडली आणि मग झोपली. ज्या शब्दाचा फोनवर एवढा राग आला होता, तोच शेवटी घरात कामाला आला.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार या शोकाच्या पाच पायऱ्यांविषयी मीही ऐकून होतो, आणि आपण कितव्या पायरीवर आहोत हे बरेच दिवस शोधत होतो. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. मला स्ट्रोबे आणि शूट या अभ्यासकांचे १९९९ मधले म्हणणे जास्त ओळखीचे वाटते. शोक करणारा माणूस दुःखाकडे आणि रोजच्या कामांकडे असा सारखा ये-जा करत राहतो, आणि ती ये-जाच त्याला तारते, असे ते सांगतात. बंड्याच्या फिरायच्या वेळेला मी अजून बाहेर पडतो. एखाद्या दिवशी ओळखीच्या खांबापाशी पाय थांबतात, एखाद्या दिवशी फोनवर बोलत मी तो खांब ओलांडून गेलेलो असतो. ‘दुसरा आणा म्हणजे विसराल’ या सल्ल्याला मी उत्तर देणे सोडले आहे.

गेल्या आठवड्यात उरलेल्या सलाईनच्या चार सीलबंद बाटल्या परत द्यायला दवाखान्यात गेलो. रोज संध्याकाळी मानेजवळची कातडी चिमटीत धरून मीच त्याला ते सलाईन टोचत असे. बाकावर शेजारी एक काळा, ओला, बराच म्हातारा कुत्रा मालकिणीच्या पायाशी बसला होता. त्याने माझी पिशवी हुंगली, मग पँटचा काठ आणि मग बराच वेळ डाव्या पायातली चप्पल, जी बंड्याने पिल्लू असताना अर्धी कुरतडली होती आणि मी कधी टाकली नव्हती. मालकीणबाईंनी ओशाळून पट्टा ओढला. ‘असू द्या,’ मी म्हणालो, आणि त्याचे होईपर्यंत पाय हलवला नाही.